महाभोजाचा कारकून आणि दिवेआगरचा समुद्र

शनिवार-रविवारला एखादी सुट्टी जोडून आली की मुंबई-पुण्याची निम्मी वस्ती रायगडच्या किनाऱ्यावर उतरते. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर ही त्रिस्थळी आता कुणाला नव्याने सांगायची नाही. कुठल्या खानावळीत मोदक चांगले, कुठे सुरमईच्या नावाखाली भलतंच ताटात पडतं, हे वाचकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. माझी सूचना एवढीच की इंदापूरला महामार्ग सोडावा आणि माणगावकडे न जाता तळा गावाच्या रस्त्याला लागावं. ताम्हिणीतून उतरणाऱ्या पुणेकरांना त्यासाठी थोडं उलटं यावं लागतं. पण पुढच्या डोंगरात जो माणूस भेटतो, त्याच्यासाठी तेवढं करावं.

त्याचं नाव शिवभूती. बाप सुलसदत्त, आई उत्तरदत्ता, बायको नंदा. नोकरी महाभोज, म्हणजे इथला स्थानिक राजा, मांदव खंदपालित याच्या पदरी, पेशा लेखकाचा, म्हणजे दप्तर आणि पत्रव्यवहार सांभाळण्याचा. पेशवाईत जन्मता तर चिटणीस झाला असता. राजपुरी खाडीच्या वरच्या अंगाला कुडा गावाजवळ डोंगरात २६ लेणी आहेत. त्यांतल्या पहिल्याच लेण्यात हा गृहस्थ ब्राह्मी अक्षरांत आणि प्राकृत भाषेत सांगतो, की हे लेणं मी आणि माझ्या बायकोने दान दिलं. अक्षरांच्या वळणावरून ही गोष्ट साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातली. हाइनरिश ल्यूडर्सने १९१२ साली ब्राह्मी लेखांची मोठी यादी छापली. तिच्यात १०३७ या क्रमांकावर हा लेख आहे. तिथे तो वाचल्यापासून शिवभूती माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आपल्या इतिहासात राजे रग्गड आहेत. राजाच्या कचेरीत बसून बोरू झिजवणारा आणि त्या कमाईतून डोंगर पोखरून घेणारा माणूस बायकोच्या नावासकट सापडणं ही चैन क्वचितच मिळते.

आधी लेण्यांविषयी थोडं, कारण कार्ल्याची अपेक्षा ठेवून येणारे इथे हिरमुसतात. कमानदार छत नाही, लाकडी फासळ्या नाहीत, गर्दी तर नाहीच. दोन थरांत कोरलेल्या खोल्या, बसायचे कट्टे, पाण्याची टाकी आणि सपाट छताच्या काळोख्या गाभाऱ्यात उभे स्तूप. सहाव्या लेण्याचं दर्शन मात्र भारदस्त आहे. दाराशी हत्ती, आत भिंतीवर माणसाएवढी स्त्रीपुरुषांची जोडपी. त्याच लेण्यात पुढे पाचव्या-सहाव्या शतकात कुणी जागा मिळेल तिथे बुद्धमूर्ती कोरून घेतल्या. आधीच्या जोडप्यांशी त्यांचं जमत नाही, असं माझं मत आहे. सुबक घराच्या दर्शनी भिंतीवर नंतर ठोकलेल्या तसबिरींसारख्या त्या दिसतात. अभ्यासकांना त्यांचं महत्त्व आहे आणि ते योग्यच आहे. माझे डोळे मात्र जोडप्यांकडेच वळतात.

याचं एक कारण हे की हे सहावं लेणंही शिवभूतीच्याच घरचं. त्याचा धाकटा भाऊ शिवम आणि भावजय विजया यांचा लेख तिथे आहे. या लेखाइतकं घरगुती दानपत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. त्यात कामाची वाटणी करून दिली आहे. शिल्पकाम शिवम, विजया आणि चार मुलगे यांच्या नावावर. खांब मुलींच्या नावावर. एका मुलाचं नाव सुलसदत्त, म्हणजे आजोबांचंच. मुलींची नावंही सप्पा, शिवपालिता, शिवदत्ता अशी त्याच घराण्याच्या वळणाची. खांबांसाठी मुलींनी स्वतःचे पैसे घातले की बापानेच सगळं करून पोरींची हौस म्हणून नावं घातली, हे लेख सांगत नाही. हे वाचून मला आपल्याकडची देवळं आठवतात, जिथे फरशी एकाची, घंटा दुसऱ्याची आणि पंखा तिसऱ्याच्या स्मरणार्थ असतो. आणखी एक गंमत: शिवभूती, शिवम, शिवदत्ता अशा नावांची ही मंडळी स्तूपाला हात जोडत होती. त्यांचा मालक खंदपालित, म्हणजे स्कंदाने राखलेला. लेख कोरणाऱ्याला यात काही खुलासा करावासा वाटलेला नाही.

बाकीचे दाते पाहू लागलं की सबंध बाजारपेठ उभी राहते. वैद्य सोमदेव आहे. त्याच्याबरोबर मुलांमुलींची भलीमोठी यादी आहे. मुसल नावाचा माळी आहे. त्याचा बाप वधुकही माळीच. राजाच्या हाल नावाच्या अमात्याची मुलगी गोयम्मा आहे. अयितिलु नावाच्या ब्राह्मण उपासकाची बायको भयिला आहे. तिने तर अख्खं चैत्यगृहच दिलं. भिक्षुणी आहेत, श्रेष्ठी आहेत. राजघराण्यातली माणसंही आहेत, पण रांगेत बाकीच्यांबरोबर. खुद्द महाभोज इथे येतो तो बहुधा कुणाचा तरी धनी किंवा बाप म्हणून. माळ्याचं लेणं आणि अमात्याच्या मुलीचं लेणं यांत आकाराचा फरक असेल, पण डोंगर एकच आणि लेखाची भाषाही एकच. ब्राह्मण, बौद्ध, राजा, रयत असे काटेकोर कप्पे पाडून हा काळ शिकवणाऱ्या क्रमिक पुस्तकांच्या लेखकांना एकदा कुड्याला आणून सोडावं.

हे लेख वाचनात येतात ते भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांच्यामुळे. पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या लेखांचं त्यांचं पुस्तक १८८१चं. भगवानलाल मूळचे जुनागढचे, मुंबईला डॉ. भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झाले आणि पुढच्याच वर्षी सोपाऱ्याचा स्तूप उकलून त्यांनी नाव मिळवलं. मुखपृष्ठावर बर्जेसचं नाव आधी येतं, पण दगडावर नाक टेकवून अक्षरं लावणाऱ्या पंडिताकडे माझा ओढा जास्त आहे. पक्षपात समजा.

दात्यांपैकी ज्याच्यावरून भांडण रंगू शकतं, तो मात्र दूरचा. करहाकडचा महिक, धंदा लोखंडाचा. करहाकड म्हणजे कऱ्हाड. सह्याद्रीपलीकडचा हा लोखंडाचा व्यापारी खाडीकाठच्या आडबाजूला दान का देतो? कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात लेण्यांचा मोठा समूह आहे. पुण्य घरच्या घरी मिळण्यासारखं होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-पुस्तकात कल्याणच्या खालच्या बंदरांची नावं ओळीने येतात: सेमुल्ला, मग मंदगोरा, मग पुढची. सेमुल्ला म्हणजे चौल, याबद्दल आता वाद राहिलेला नाही. मंदगोरा कुठलं, हा मात्र जुना तंटा आहे. एक पक्ष सावित्रीच्या मुखाशी बाणकोटकडे बोट दाखवतो. दुसरा पक्ष कुड्यालगतच्या मांदाडकडे.

मी मांदाडच्या पक्षाचा. बाणकोटच्या बाजूने बोलणारे खाडीची खोली आणि मुखाची सोय सांगतात, त्यात तथ्य आहे. पण शिवभूतीचा धनी स्वतःला ‘मांदव’ म्हणवतो, मांदाड गाव त्याच खाडीवर आजही नांदतं आहे आणि शेजारच्या डोंगरात २६ लेण्यांना पुरेल इतका पैसा खेळत होता. जिथे माल चढत-उतरत नाही तिथे वैद्य, माळी, लोखंडवाला आणि कारकून इतके सधन होत नाहीत. महिक घाट उतरून आला तो बोटीत माल भरायला किंवा बोटीतून उतरवायला, असं मला वाटतं. आज ही खाडी गाळाने आणि खारफुटीने भरत आली आहे. तिच्या मुखाशी जंजिरा उभा असल्यामुळे राजपुरी म्हटलं की सगळ्यांना सिद्दी आठवतो. सिद्दीच्या आधी हजारेक वर्षं ही खाडी चालती होती, हे सांगायला कुडा लागतं.

एवढं ऐकवेपर्यंत गाडीतल्या मंडळींना समुद्राची आठवण झालेली असते. मांदाडवरून म्हसळा आणि म्हसळ्यावरून दिवेआगर हा रस्ता वळणावळणाचा आहे, बाकी सांगण्यासारखं काही नाही. दिवेआगरचा किनारा लांब आणि सपाट, मागे सुरूचं बन. सुपारीच्या वाड्यांकडे मात्र बघवत नव्हतं. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातली झाडं आडवी केली आणि सुपारीचं झाड पुन्हा धरायला वर्षं लागतात. एक दिवस इथे काहीही न करता काढावा. दुसऱ्या दिवशी आरावीवरून किनाऱ्याकिनाऱ्याने श्रीवर्धनला जावं. हा रस्ता रायगडातला सर्वांत देखणा, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

दिवेआगरला १९९७ साली एका वाडीत सोन्याचा गणपती सापडला आणि २०१२ साली दरोड्यात गेला, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. त्याच गावात मिळालेला शके ९८२चा, म्हणजे १०६० सालचा मराठी ताम्रपट मात्र फारसा कुणाला आठवत नाही. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत तो मोडतो. सोन्यापुढे तांब्याला कोण विचारतो!

परतताना ज्यांच्याकडे अर्धा दिवस शिल्लक असेल त्यांनी माणगावहून थेट घरचा रस्ता न धरता महाडच्या बाजूला वळून गांधारपाल्याची लेणी पाहावीत. महामार्गाला लागूनच डोंगर आहे. तिथे कुमार काणभोज विष्णुपालित याचा लेख आहे. इकडे भोज खंदपालित, तिकडे भोज विष्णुपालित. दोघांच्या नावांची ठेवण एकच, दोन्ही लेण्यांना खाड्यांचा शेजार. ही एकाच घराण्याची दोन बंदरं असावीत, असा माझा कयास आहे. तसं असेल तर महाडच्या कचेरीतही कुणीतरी शिवभूती बसत असणार. त्याने लेणं कोरवून घेतलं का, हे शोधायला गांधारपाल्याच्या पायऱ्या चढाव्या लागतील. उन्हाच्या आधी निघालेलं बरं.