अनोळखी चिपला ड्रायव्हरने नाकारावं का?

यूएसबीला माउस जोडला की संगणक त्याची कंपनी आणि क्रमांक विचारून घेतो. ही विचारपूस यूएसबीच्या नियमांतच आहे. छोट्या उपकरणांच्या बोर्डावर आयटूसीच्या दोन तारांनी जोडलेल्या चिप्सना ती सोय नाही. तिथे असतो सहसा फक्त सात बिटांचा पत्ता, आणि एकाच पत्त्यावर निरनिराळ्या कामांच्या चिप्स सापडतात. अंदाजाने चाचपडणं महागात पडतं: आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपमध्ये सेन्सर शोधणाऱ्या प्रोग्रॅमच्या नुसत्या चाचपणीने ईईप्रॉममधली माहिती बिघडली होती. म्हणून बोर्डावर काय बसवलंय हे लिनक्सला ‘डिव्हाइस ट्री’तून आधीच सांगितलं जातं. तरीही खातरजमा म्हणून ड्रायव्हर चिपचं ओळख-रजिस्टर वाचतो. बॉशच्या दाब मोजणाऱ्या बीएमपी२८० मध्ये तिथे हेक्साडेसिमल ५८ मिळतो, आर्द्रताही मोजणाऱ्या बीएमई२८० मध्ये ६०.

अशा ड्रायव्हरचा पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, तपासायला येतो तेव्हा त्यात बहुधा एक अट असते: क्रमांक ओळखीचा नसेल तर तिथेच थांबा. सेन्सरच्या बाबतीत ही अट काढायला लावावी, असं माझं ठाम मत आहे. कंपनी उद्या जुन्यासारखीच चालणारी नवी चिप काढते, क्रमांक तेवढा वेगळा. डिव्हाइस ट्रीत नव्या नावापाठोपाठ जुनं नाव लिहायची मुभा याचसाठी आहे, म्हणजे जुन्या कर्नलवरही नवी चिप चालावी. ड्रायव्हरच अडून बसला तर ती मुभा कागदावरच राहते, आणि विकल्या गेलेल्या उपकरणांत नवा कर्नल पोचायला वर्षं लागतात. लॉगमध्ये इशारा लिहून पुढे जाणं पुरे.

यावर आक्षेप येतो, की चिप खरोखरच चुकीची असेल तर खोटे आकडे मिळतील. मिळतील, पण तेव्हा चूक बोर्डाच्या वर्णनात आहे, आणि इशाऱ्यातला क्रमांक तिच्याकडेच बोट दाखवतो. चिप उत्तरच देत नसेल तर गोष्ट वेगळी. आयटूसीवर तेव्हा वाचनच फसतं. चिप जोडायच्या एसपीआय या दुसऱ्या पद्धतीत मात्र वाचन यशस्वी दिसतं आणि हाती सगळे शून्य किंवा सगळे एक येतात. तो अनोळखी क्रमांक नव्हे, तिथे थांबायलाच हवं. बॅटरी चार्ज करणाऱ्या चिपलाही मी ही सवलत देणार नाही, कारण तिथे चुकीच्या रजिस्टरात लिहिलेला आकडा थेट व्होल्टेज बदलू शकतो. आणि अट ठेवा वा काढा, चिपचा वीजपुरवठा वाचनाआधी सुरू होतो का, हे पॅचमध्ये आधी पाहावं. तो क्रम उलटा असेल तर बरोबर चिपही गैरहजर ठरते.