कोवळ्या कणसाची दोन दिवसांची घाई

नल्लकुंट्याच्या भाजीबाजारात बेबी कॉर्न, म्हणजे बोटाएवढी पिवळसर कणसे, पाहून ही मक्याची एखादी खुजी जात असावी असे वाटते. पण ते आपल्या मक्याचेच कणीस. दाणा धरण्यापूर्वी खुडलेले.

मक्याचे झाड आपण आधी नीट ओळखू या. शेंड्यावरचा तुरा नर, बगलेतले कणीस मादी. कणसाबाहेर लोंबणारा प्रत्येक केस आतल्या एकेका भावी दाण्याला जोडलेला असतो. तुऱ्याचे पराग केसांवर पडले की दाणे भरू लागतात आणि कणीस भाजीच्या कामाचे राहत नाही. म्हणून तुरा दिसताच, पराग सांडण्यापूर्वी, तो उपटून गुरांना घालावा.

एचएम-४ हा संकरित मका यासाठी चांगला. दोन ओळींत ६० व दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर ठेवावे. पेरणीनंतर सुमारे ५० दिवसांनी केस दिसू लागतात. केस बाहेर पडल्यापासून एक-दोन दिवसांतच, सकाळच्या गारव्यात कणीस खुडावे. उशीर केला तर तुरा काढूनही ते जून होते आणि मेहनत वाया जाते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी काम करणारे हात मोजकेच. म्हणून सारे शेत एकदम पेरू नये. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तुकड्या-तुकड्यांनी पेरावे. म्हणजे रोजची तोडणी घरच्यांना झेपते. कणसे लांब न्यायची असल्यास सोलू नयेत. तोडणी संपल्यावर हिरवी ताटे गुरांच्या वैरणीला उरतात, हा दुसरा लाभ.