मांडूळ : दोन तोंडांचा देखावा

नेरूळच्या एका शाळेत सापांविषयी बोलून झाल्यावर आम्हाला नेहमीचाच प्रश्न आला, "मांडुळाला दोन तोंडे असतात, हे खरे का?" सहा महिने एक तोंड चालते व सहा महिने दुसरे, असे त्या विद्यार्थ्याने घरी ऐकले होते.

मांडूळ (एरिक्स जॉनी) हा बिनविषारी साप. अजगराप्रमाणेच तो भक्ष्याला विळखा घालून मारतो. मात्र त्याची लांबी सहसा मीटरभराच्या आतच असते. विळख्यात भक्ष्य गुदमरून मरते, असे आपण शिकवत आलो. परंतु 2015 मध्ये अमेरिकेत बोआ सापांच्या विळख्यातील उंदरांचा रक्तदाब मोजला गेला. तो काही सेकंदांतच कोसळला. म्हणजे घात होतो तो मुख्यतः रक्ताभिसरण थांबल्यामुळे.

विष नाही, वेग नाही, आकारही लहान. मग स्वसंरक्षण कसे करायचे? क्यूबा व वेस्ट इंडीजमधील ठेंगणे बोआ (त्रॉपिडोफिइडी कुल) अंगाचा चेंडू करतात. काहींच्या तोंडातून व डोळ्यांतून रक्तही झिरपते. मांडुळाची युक्ती निराळी. त्याची शेपटी डोक्यासारखीच जाड व बोथट असते. धोका जाणवताच तो डोके अंगाखाली दडवतो आणि शेपटी पुढे करतो. घाव शेपटीवर बसतो, डोके वाचते.

वर्गात ही शंका निघाल्यास फळ्यावर मांडूळ काढून विचारावे : डोळे, जीभ व नाकपुड्या कोणत्या टोकाला आहेत? मलमूत्र बाहेर टाकणारे छिद्र कोणत्या टोकाजवळ आहे? दोन डोकी घेऊन जन्मलेले साप क्वचित आढळतात. पण ती दोन्ही डोकी पुढच्याच टोकाला असतात.

शत्रूला चकवणारी ही शेपटी माणसापुढे मात्र मांडुळाच्या जिवावर उठते. दुतोंड्या साप गुप्तधन दाखवतो, घरात पैसा आणतो, या समजुतीपायी मांडुळे चोरून विकली जातात. शेपटीवर डोळ्या-तोंडाच्या खोट्या खुणा करणारे गारुडीही असत. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार मांडूळ पकडणे वा विकणे हा गुन्हा आहे. पण कायदा पोचण्याआधी मांडुळापर्यंत अंधश्रद्धा पोचते. तिला वर्गातच अडवता येईल. शेतातले उंदीर खाणाऱ्या या सापासाठी एवढे तरी आपण करू शकतो.