शक्तिपुरवठा, कार्यक्रमणीय नियंत्रकाचा
स्मृतीत साठविलेल्या आज्ञावलीनुसार कारखान्यातील यंत्रांचे नियंत्रण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिकीय संचाला कार्यक्रमणीय नियंत्रक किंवा प्रचारात पीएलसी म्हणतात. अमेरिकेतील मोटार उद्योगात रिलेंच्या मोठ्या फलकांऐवजी १९६९ च्या सुमारास मोडिकॉन ०८४ हा असा नियंत्रक पुढे आला. संचाला लागणाऱ्या विद्युत् शक्तीचे गणित आधी करावे लागते. कारण पुरवठा अपुरा असल्यास संच सरळ बंद पडतोच असे नाही. अनेक झडपा एकाच क्षणी उघडल्या म्हणजे विद्युत् दाब खचतो, नियंत्रक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि यंत्र अर्ध्या हालचालीत थांबते. असा दोष पुष्कळदा आज्ञावलीत शोधला जातो व अर्थातच तेथे सापडत नाही.

सर्व भागांचे वॉट एकत्र मिळविणे पुरेसे नसते. नियंत्रकातील तर्कमंडलांना ५ व्होल्ट, तर संवेदक, रिलेंची वेटोळी व झडपा यांना बहुधा २४ व्होल्ट एकदिश दाब लागतो. एका दाबाची शिल्लक दुसऱ्याच्या कामी येत नाही, म्हणून प्रत्येक दाबाची बेरीज स्वतंत्र करतात. उदा., सीमेन्स कंपनीच्या १२१४ सी या मध्यवर्ती विभागातून ५ व्होल्टला १,६०० व २४ व्होल्टला ४०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. त्याला ८ आदाने व ८ रिले-प्रदाने असलेले चार विभाग जोडले, तर प्रत्येकी १४५ प्रमाणे ५ व्होल्टची मागणी ५८० मिलिअँपिअर होते. म्हणजे निम्म्याहून अधिक शिल्लक राहते. २४ व्होल्टच्या बाजूस मात्र मध्यवर्ती विभागाची १४ व इतर ३२ आदाने प्रत्येकी ४ प्रमाणे १८४ आणि ३२ वेटोळी प्रत्येकी ११ प्रमाणे ३५२, असे एकूण ५३६, म्हणजे १३६ मिलिअँपिअर जास्त होतात. अशा वेळी वेटोळ्यांना बाहेरून पुरवठा देतात. दोन्ही पुरवठ्यांची ऋण टोके जोडता येतात. धन टोके जोडून ते समांतर चालवू नयेत, कारण एक पुरवठा दुसऱ्याशी झुंजून निकामी होऊ शकतो.

या बाह्य पुरवठ्यावर प्रत्येकी ४.८ वॉटच्या १२ झडपा (२.४ अँपिअर) व १५ मिलिअँपिअरचे २० संवेदक (०.३ अँपिअर) असल्यास वेटोळ्यांसह बेरीज ३.०५ अँपिअर होते. सर्व झडपा एकाच वेळी उघडणार नाहीत असे मानून आकडा कमी करण्याचा मोह होतो. परंतु आज्ञावली पुढे बदलते, म्हणून पूर्ण बेरीजच धरणे इष्ट. तीत ३० टक्के राखीव मिळविल्यास सु. ४ अँपिअर येतात व ५ अँपिअरचा पुरवठा निवडता येतो. काही उपकरणे सुरू होताना क्षणभर अनेक पट प्रवाह घेतात, तोही पाहावा लागतो.

बेरीज बरोबर असूनही तार घात करू शकते. १ चौ. मिमी. तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सु. ०.०१७५ ओहम असतो. ६० मी. अंतरावरील २ अँपिअर भारासाठी जाण्यायेण्याची तार १२० मी. होते, तिचा रोध २.१ ओहम व दाबातील घट ४.२ व्होल्ट. टोकाला १९.८ व्होल्टच उरतात. आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाच्या ६११३१-२ या मानकात २४ व्होल्ट पुरवठ्याची मर्यादा २०.४ ते २८.८ व्होल्ट आहे. येथे जाड तार घालणे किंवा भाराजवळ वेगळा पुरवठा बसविणे हाच उपाय. अधिक अँपिअरचा पुरवठा घेऊन उपयोग नाही.

उष्णतेचाही हिशेब असतो. ९० टक्के कार्यक्षमतेचा पुरवठा २४० वॉट देताना सु. २७ वॉट उष्णता कपाटात सोडतो. ठराविक तापमानापुढे त्याची क्षमता उत्पादकाने दिलेल्या आलेखाप्रमाणे घटवून धरतात. बंद कपाटातील तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच जास्त असते. नियंत्रक व झडपा यांच्या शाखा वेगळ्या ठेवल्यास आणीबाणीच्या कळीने झडपांची शक्ती तोडली तरी नियंत्रक चालू राहतो व कोणती कळ दाबली गेली याची नोंद ठेवतो.