आहाराचे नियम व आहाराचा कस

मधल्या सुटींत शाळेच्या आवारांतील झाडांखालीं डबे उघडूं लागले म्हणजे एक गोष्ट सहज नजरेस येते. डबे भरलेले असतात. उपाशी राहणारा मुलगा क्वचितच आढळतो. परंतु कित्येक डब्यांत पोळी व बटाट्याच्या काचऱ्या, कित्येकांत नुसता फोडणीचा भात, आणि कांहींत तर बिस्किटें व पाकिटांतील वेफर्स एवढेंच असतें. पालेभाजी, उसळ किंवा फळ शोधावें लागतें. पोट भरलें म्हणजे पोषण झालें, असा आपणां सर्वांचा दृढ समज आहे. तो कितपत खरा आहे, ह्याचा विचार आम्ही आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडणार आहों.

आहाराविषयीं उपदेश करणारे पुष्कळ. पण मोजमाप करून उपदेश करणारे थोडे. त्या थोड्यांत हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेची गणना केली पाहिजे. 1918 सालीं निलगिरी पर्वतांतील कुन्नूर येथें एका खोलीच्या प्रयोगशाळेंत सुरू झालेलें हें कार्य 1958 सालीं हैदराबादेस आलें. ह्या संस्थेनें भारतीयांकरितां आहाराचे नियम 1998 सालीं प्रथम प्रसिद्ध केले, आणि 2024 सालीं ते सुधारून 17 नियमांच्या रूपानें पुन्हां लोकांपुढें ठेविले. त्यांत दिवसास 2000 उष्मांक लागणाऱ्या मनुष्याकरितां नमुन्याचें ताट सांगितलें आहे, तें असें: कच्च्या वजनानें तृणधान्यें 250 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळें 100 ग्रॅम, डाळी व कडधान्यें (मांसाहारी असल्यास त्यांतच अंडीं, मासे वगैरे) 85 ग्रॅम, शेंगदाणे-तिळांसारख्या तेलबिया व सुका मेवा 35 ग्रॅम, तेल-तूप 27 ग्रॅम, आणि दूध किंवा दहीं 300 मिलिलिटर. मुलांचीं मापें वयाप्रमाणें निराळीं. तथापि ताटाची मांडणी हीच.

ह्या आंकड्यांत भाज्या व फळें मिळून 500 ग्रॅम होतात, म्हणजे धान्याच्या दुप्पट! एकंदर उष्मांकांपैकीं शेंकडा 45 च धान्यापासून मिळावे, अशी योजना आहे. आपल्या देशांत प्रत्यक्षांत धान्याचा वांटा शेंकडा 50 ते 70 असतो, आणि डाळी, अंडीं, मासे ह्यांचा वांटा शेंकडा 14 असावयाचा तो 6 ते 9 वरच अडतो, असें संस्थेनें नमूद केलें आहे. आहाराचा कस म्हणतात तो ह्या प्रमाणावर अवलंबून असतो. जेवण नमुन्याच्या जितकें जवळ, तितका त्याचा कस अधिक. अमेरिकेंत तर 1995 पासून, लोकांचें जेवण तेथील नियमांशीं किती जुळतें हें पाहून, परीक्षेच्या पेपराप्रमाणें त्यास 100 पैकीं गुण देण्याची पद्धत आहे. आणि तेथील लोकांचे सरासरी गुण साठाच्या आंतच राहतात!

आतां स्थूलतेचा संबंध पाहूं. एक ग्रॅम तेलांत 9 व एक ग्रॅम साखरेंत 4 उष्मांक असतात. मेथीच्या भाजींत बहुतेक भाग पाणी व चोथा. म्हणून ती पोटांत जागा पुष्कळ अडविते, पण उष्मांक थोडे देते. मटकीच्या उसळींतील प्रथिनें व चोथा ह्यांमुळें भूक लवकर परत येत नाहीं. उलट गोड थंड पेयाच्या एका लहान बाटलींत सुमारे 30 ग्रॅम साखर असते. दिवसाची मर्यादा 25 ग्रॅमांची, ती एका बाटलींत ओलांडली जाते आणि पोट मात्र रिकामेंच वाटतें. कस उतरला कीं मनुष्य नकळत अधिक खातो, व शिलकी उष्मांक मेदरूपानें सांठतात.

हा केवळ तर्क नव्हे. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनीं 2025 सालीं एका प्रयोगाचें फळ प्रसिद्ध केलें. अधिक वजनाच्या 55 प्रौढांस त्यांनीं दोन तऱ्हांचें जेवण आठ आठ आठवडे दिलें. दोन्ही जेवणें तेथील सरकारी आहारनियमांस धरूनच होतीं. परंतु एक साध्या पदार्थांपासून शिजविलेलें, तर दुसरें कारखान्यांत तयार झालेलें. दोहोंनीं वजन उतरलें. मात्र पहिल्यानें सुमारे शेंकडा 2 व दुसऱ्यानें शेंकडा 1. तात्पर्य, नियम पाळणें हितकर आहेच; पण त्यांचें अक्षर पाळून मर्म सोडल्यास लाभ निम्मा होतो. साखर वर्ज्य करून फरसाणाचा डबा रिकामा करणारानें ह्याचा विचार करावा.

ही काळजी श्रीमंतांचीच असेंही नव्हे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांत 24 व शंभर पुरुषांत 23 अधिक वजनाचे आढळले. आणि त्याच पाहणींत पांच वर्षांखालील शंभरांपैकीं 35 हून अधिक बालकें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. एकाच देशांत मेदही वाढतो व पोषणही अपुरें पडतें, ह्याचें एक मोठें कारण कसाचा अभाव हेंच होय.

भाजी, दूध व डाळ हीं धान्याहून महाग पडतात, हा पालकांचा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तथापि वेफर्सच्या पाकिटाच्या पैशांत मूठभर शेंगदाणे व एक केळें बहुधा येतें. शिवाय आपल्या ताटास डावी व उजवी बाजू पूर्वीपासून आहेच. डावीकडील कोशिंबीर आज चमचाभर उरली आहे, ती वाटीभर करावी. उजवीकडील भाजी व उसळ वाढवावी. आणि मधला भाताचा ढीग तेवढा कमी करावा. आजीच्या ताटांत व शास्त्रज्ञांच्या ताटांत मग फारसें अंतर राहणार नाहीं.

शेवटीं एक विनंती. स्थूलतेस आनुवंशिकता, अपुरी झोंप, खेळाचा अभाव अशीं अनेक कारणें आहेत; नियम पाळल्यानें धोका कमी होतो, नाहींसा होत नाहीं. म्हणून वर्गांतील लठ्ठ सोबत्यास कोणीं हंसूं नये, आणि वाढत्या वयांत कोणीं उपासही काढूं नयेत. त्याऐवजीं उद्यां आपला डबा उघडतांना प्रत्येकानें स्वतःस एवढेंच विचारावें: "हा भरला आहे खरा, पण ह्यास शंभरांपैकीं गुण किती?"