पॅनेल ते बॅटरी : मधल्या पेटीकडे कोण पाहतं?

जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ साली वीज आली, ती महावितरणच्या खांबावरून नव्हे. पुण्याच्या ग्राम ऊर्जा या कंपनीने तिथे सुमारे साडेनऊ किलोवॅटचा सौर प्रकल्प उभारला, बॅटऱ्या बसवल्या आणि वाडीतल्या ३९ घरांपर्यंत तारा ओढल्या. कारभार गावकऱ्यांच्याच न्यासाकडे ठेवला. ग्रिडशी कसलाही संबंध नसलेली, म्हणजे ऑफ-ग्रिड, वीज कशी चालते याचा हा महाराष्ट्रातला एक ठळक नमुना.

त्यानंतर अशी वीज पुष्कळ ठिकाणी पोहोचली. रानातली घरं, कोकणातल्या आडबाजूच्या वाड्या, पोल्ट्रीच्या शेड, डोंगरावरचे आश्रम आणि शाळा इथे पॅनेल दिसू लागली. घेणारा माणूस चौकशी करतो ती पॅनेल किती वॅटचं, बॅटरी लिथियमची की ट्युब्युलर, इन्व्हर्टर कुठल्या कंपनीचा याची. पॅनेलच्या तारा जिथे एकत्र येतात त्या पेटीबद्दल सहसा कोणी विचारत नाही. ती पेटी म्हणजे कंबायनर बॉक्स. सगळ्या खर्चात तिचा वाटा अगदी थोडा असतो, पण छपरावर आग लागायची की नाही हे पुष्कळदा तीच ठरवते.

आधी तिची गरज का पडते ते पाहू. पॅनेल एकापुढे एक जोडली, म्हणजे सिरीजमध्ये, तर व्होल्टेजची बेरीज होते आणि करंट तेवढाच राहतो. शेजारी-शेजारी, म्हणजे पॅरलल जोडली तर करंटची बेरीज होते आणि व्होल्टेज तेवढंच राहतं. सिरीजमधल्या एका माळेला स्ट्रिंग म्हणतात. घराच्या छपरावर ग्रिडला जोडलेला संच असतो तेव्हा इन्व्हर्टर काहीशे व्होल्ट सहज घेतो, त्यामुळे आठ-दहा पॅनेलची एकच लांब स्ट्रिंग पुरते. ऑफ-ग्रिडमध्ये पॅनेल आणि बॅटरीच्या मधे चार्ज कंट्रोलर असतो आणि त्याची मर्यादा बऱ्याचदा १०० किंवा १५० व्होल्टच असते. लांब माळ करताच येत नाही. मग आखूड माळा, पण जास्त संख्येने, असं करावं लागतं. त्या सगळ्या माळा एकत्र आणायला जागा हवी, म्हणून ही पेटी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून बाजारात डीसीडीबी नावाच्या तयार पेट्यांची रेलचेल आहे. त्यातल्या बहुतेक ग्रिडवाल्या छपरांसाठी असतात. एक स्ट्रिंग आत, एक बाहेर. ६०० किंवा १००० व्होल्टचं साहित्य. वस्तू चांगली असते, पण काम वेगळं असतं. चार स्ट्रिंगच्या ऑफ-ग्रिड संचाला तीच पेटी लावायची आणि चार तारा एकाच फ्यूजच्या तोंडात कोंबायच्या, हा प्रकार सर्रास चालतो. तो थांबायला हवा.

एक हिशेब करून पाहू. शेतातल्या घरासाठी ३३५ वॅटची आठ पॅनेल घेतली, बॅटरी ४८ व्होल्टची, एमपीपीटी चार्ज कंट्रोलर १५० व्होल्ट आणि ६० अँपिअरचा. या मापाच्या पॅनेलच्या पाठीवरच्या लेबलवर साधारण असे आकडे दिसतात: ओपन सर्किट व्होल्टेज ४६, शॉर्ट सर्किट करंट ९.४ अँपिअर, प्रत्यक्ष काम करतानाचं व्होल्टेज ३८ आणि करंट ८.८ अँपिअर. तीन पॅनेल सिरीजमध्ये घेतली तर १३८ व्होल्ट होतात. कागदावर ते १५० च्या आत आहेत. पण पॅनेल थंड झालं की व्होल्टेज चढतं, २५ अंशांच्या खाली दर अंशाला साधारण ०.३ टक्के. निफाडकडे हिवाळ्यात पारा पाच अंशांवर उतरतो. अशा पहाटे ऊन पडलं की हेच १३८ व्होल्ट १४६ च्या पुढे जातात. मग कंट्रोलरला श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. म्हणून दोन-दोनच्या चार स्ट्रिंग करायच्या. प्रत्येकीचे ९२ व्होल्ट, कडाक्याच्या थंडीत ९८ च्या आसपास.

इथून पेटीचं काम सुरू होतं.

फ्यूज कशासाठी, याबद्दल वायरमन मंडळींतही गैरसमज आहे. घरातल्या वायरिंगमध्ये शॉर्ट सर्किट झालं की शेकडो अँपिअर वाहतात आणि फ्यूज उडतो. पॅनेलचं तसं नाही. शॉर्ट केलं तरी ते ९.४ अँपिअरच देतं, म्हणजे रोजच्या कामापेक्षा जेमतेम सात टक्के जास्त. स्वतःच्याच करंटने स्ट्रिंगचा फ्यूज उडणार नाही. त्याचं काम वेगळं आहे. समजा उंदराने एका स्ट्रिंगची वायर कुरतडली आणि ती शॉर्ट झाली. आता उरलेल्या तीन स्ट्रिंग आपला करंट बॅटरीकडे पाठवण्याऐवजी त्या बिघडलेल्या स्ट्रिंगमध्ये उलटा ढकलतात. तीन गुणिले ९.४, म्हणजे २८ अँपिअर. पॅनेलच्या लेबलवर जास्तीत जास्त सिरीज फ्यूज म्हणून १५ किंवा २० चा आकडा छापलेला असतो. उलटा करंट यापुढे गेला तर पॅनेलच्या आतल्या पट्ट्या, डायोड आणि कनेक्टर तापू लागतात. अशा वेळी फ्यूज त्या स्ट्रिंगला बाकीच्यांपासून तोडतो.

दोनच स्ट्रिंग असतील तर बिघडलेलीत दुसरीचे ९.४ अँपिअरच येतात आणि पॅनेल ते सोसतं. म्हणून दोन स्ट्रिंगपर्यंत फ्यूजवाचून चालतं. तिसरी स्ट्रिंग आली की प्रत्येकीला स्वतंत्र फ्यूज हवाच. बाजारात दोनाला एक, चाराला एक अशा वाय कनेक्टरच्या जोड्या मिळतात. त्यांनी चार स्ट्रिंग छपरावरच जोडून खाली दोनच तारा आणल्या की पैसे वाचतात खरे, पण आत फ्यूज नसतो. तीन किंवा जास्त स्ट्रिंगसाठी त्या वापरू नयेत.

फ्यूज किती अँपिअरचा? शॉर्ट सर्किट करंटला १.५६ ने गुणायचं. ९.४ गुणिले १.५६ म्हणजे १४.७, त्याच्या वरचा मिळणारा फ्यूज १५ चा. तो लेबलवरच्या आकड्याच्या आत बसतो का, ते पाहायचं. बसला तर काम झालं. फ्यूजवर जीपीव्ही ही अक्षरं आणि डीसी व्होल्टेज छापलेलं असायला हवं. १० बाय ३८ मिलिमीटरचा लांबुडका फ्यूज या कामासाठी सगळीकडे मिळतो. गाडीचा पातीचा फ्यूज किंवा घरातला काचेचा फ्यूज इथे लावू नये.

आता ब्रेकर. दुकानात सगळ्यांत मोठी चूक होते ती इथे. घरातला साधा एमसीबी एसीसाठी बनवलेला असतो. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क सुटताना पडलेली ठिणगी आपोआप विझायला मदत होते. डीसीमध्ये असा शून्याचा क्षण नाही. संपर्क सुटले तरी ठिणगीची कमान जळत राहते आणि एमसीबीचं प्लॅस्टिक वितळवते. डीसीचा एमसीबी ती कमान लांबवून, तुकडे करून विझवतो. काही डीसी एमसीबींत यासाठी चुंबक असतो आणि त्याला अधिक-उणेची दिशा लागते. उलट जोडला तर चुंबक कमानीला विझवण्याच्या जागी नेण्याऐवजी भलतीकडे ढकलतो. टर्मिनलपाशी अधिक-उणेच्या खुणा असतील तर तो दिशेचा, हे ओळखावं. मिळत असेल तर बिनदिशेचा घ्यावा. आपल्या उदाहरणात चार स्ट्रिंगचे मिळून ३७.६ अँपिअर होतात. त्यालाही १.५६ ने गुणलं की ५८.७. म्हणून बाहेर जाणाऱ्या तारेवर ६३ अँपिअरचा दोन पोलचा डीसी एमसीबी.

फ्यूज होल्डरबद्दल एक सांगायलाच हवं. तो उघडून-मिटून बटणासारखा वापरता येतो असं दिसतं, पण भर उन्हात करंट वाहत असताना तो उघडला की हाताजवळच कमान पेटते. आधी एमसीबी बंद करायचा, मग होल्डर उघडायचा. छपरावरचे एमसी-४ कनेक्टर ओढून काढण्यालाही हाच नियम आहे. शिवाय दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे एमसी-४ एकमेकांत खटकन बसले तरी जोडू नयेत. आतल्या पिनांच्या मापात बारीक फरक असतो आणि सांधा काही महिन्यांनी तापायला लागतो.

वीज पडण्यापासूनचं संरक्षण हा महाराष्ट्रात जिव्हाळ्याचा विषय आहे. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात आणि उघड्या माळावरचं पॅनेल सापडतं. पेटीतला एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, तारेत उसळलेलं व्होल्टेज जमिनीत सोडतो. पण तयार डीसीडीबीतला एसपीडी ६०० किंवा १००० व्होल्टचा असतो. तो जागा होईपर्यंत १५० व्होल्टच्या कंट्रोलरचा निकाल लागलेला असू शकतो. एसपीडीचं व्होल्टेज संचाच्या थंडीतल्या व्होल्टेजच्या वर, पण जमेल तेवढं त्याच्या जवळ असावं. आपल्या ९८ व्होल्टच्या संचाला १५० व्होल्टच्या आसपासचा एसपीडी योग्य. दुकानात नसला तर मागवून घ्यावा. त्याची अर्थची तार निदान ६ चौरस मिलिमीटरची, सरळ आणि जमेल तितकी आखूड असावी. गुंडाळी करून ठेवलेल्या लांब तारेतून विजेचा झटका नीट उतरत नाही. पॅनेलच्या चौकटी आणि लोखंडी सांगाडाही त्याच अर्थिंगला जोडलेला हवा.

तारेच्या जाडीचा हिशेब डोळे उघडणारा आहे. पेटीपासून कंट्रोलर १५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर तार होते. चार स्ट्रिंगचे कामाचे ३५ अँपिअर ६ चौरस मिलिमीटरच्या तारेतून नेले तर साडेतीन व्होल्ट वाटेतच पडतात. ७६ मधले साडेतीन म्हणजे जवळपास १२५ वॅट, म्हणजे एका पॅनेलचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग, नुसता तार तापवण्यात जातो. १६ चौरस मिलिमीटरची तार टाकली की हाच तोटा ४५ वॅटच्या आसपास येतो. पॅनेलपासून पेटीपर्यंत मात्र प्रत्येक स्ट्रिंगला ४ चौरस मिलिमीटरची सोलर केबल पुरते. ती कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची आणि उन्हात न तडकणाऱ्या आवरणाची हवी. घरातली लाल-काळी वायर दोन उन्हाळ्यांत कडक होऊन भेगाळते.

आवरणाला भेग पडली की काय होतं, ते कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफिल्डमध्ये दिसलं. एप्रिल २००९ मध्ये तिथल्या टार्गेट दुकानाच्या छपरावरच्या ३८३ किलोवॅटच्या संचाला आग लागली. एका लहान तारेचा अर्थशी झालेला स्पर्श यंत्रणेच्या लक्षातच आला नव्हता. नंतर जाड तारेचाही पाइपशी स्पर्श झाला आणि करंटला भलतीच वाट मिळाली. दोन्ही दोष तारेच्या आवरणाचे. शेतातल्या आठ पॅनेलच्या संचात ताकद कमी असते, पण गवताने शाकारलेल्या छपराला पेटायला तेवढीही पुरते.

पेटी बसवताना तारा नेहमी खालच्या बाजूने आत घ्याव्यात, ग्लँडमधून, आणि आत शिरण्याआधी तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकून जातं. न वापरलेली भोकं बुजवावीत. पाली आणि मुंग्यांना ही उबदार जागा फार आवडते. पेटी आयपी ६५ दर्जाची घ्यावी आणि उत्तरेच्या भिंतीवर किंवा पॅनेलच्या सावलीत लावावी. विदर्भात मे महिन्यात उन्हातल्या पेटीच्या आत फ्यूज इतका तापतो की त्याची क्षमता घटते आणि काही बिघाड नसतानाही तो उडतो. होल्डर एकमेकांना चिकटवून न बसवता मधे थोडी फट ठेवली की फरक पडतो.

जोडणीचा क्रमही महत्त्वाचा. आधी कंट्रोलरला बॅटरी जोडायची, पॅनेल शेवटी. प्रत्येक तारेच्या टोकाला पिन लग दाबून मगच ती टर्मिनलमध्ये घालायची. मोकळे पिळलेले तंतू स्क्रूखाली पसरतात आणि सांधा सैल पडतो. सगळे फ्यूज होल्डर उघडे ठेवून एकेका स्ट्रिंगचं व्होल्टेज मीटरने मोजायचं. उन्हात तापलेल्या पॅनेलवर ते ९२ पेक्षा थोडं कमी दिसेल. चारही आकडे एकमेकांच्या एक-दोन व्होल्टच्या आत यायला हवेत. एखादी अर्ध्यावर दिसली तर एक पॅनेल सुटलेलं किंवा बिघडलेलं असतं. मीटरवर उणे चिन्ह आलं तर अधिक-उणे उलटे झालेले आहेत; तसाच फ्यूज घातला तर बाकीच्या तीन स्ट्रिंग तिच्यावर तुटून पडतील. सगळे आकडे जुळले की एमसीबी बंद ठेवून फ्यूज मिटायचे आणि शेवटी एमसीबी चालू करायचा.

मागेल त्याला सौर कृषी पंप या योजनेतून पंप घेतलेल्या शेतकऱ्यांनी मात्र हे प्रयोग करू नयेत. तिथे लाभार्थ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के, आणि संच कंपनीच्या हमीसह बसवून मिळतो. पंपाच्या पॅनेलचं व्होल्टेज काहीशे व्होल्टपर्यंत जाऊ शकतं. पेटी स्वतः उघडली तर जिवाला धोका आहे आणि हमीवरही पाणी सोडावं लागेल.

स्वतःचा संच असलेल्यांनी मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाआधी, एका संध्याकाळी अंधार पडल्यावर माहितगार वायरमनला बोलावून एमसीबी बंद करून पेटी उघडावी. एसपीडीची खिडकी हिरवी आहे की लाल झाली आहे ते पाहावं, प्रत्येक स्क्रू एकदा आवळून घ्यावा. एखाद्या तारेचं टोक तपकिरी पडलेलं किंवा होल्डरचं प्लॅस्टिक पिवळं झालेलं दिसलं, तर ते त्याच आठवड्यात बदलून घ्यावं आणि तोवर ती स्ट्रिंग बंदच ठेवावी.