चक्रेश्वर महादेव मंदिर, नालासोपारा

चक्रेश्वर महादेव मंदिर हे महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात, नालासोपारा (पश्चिम) येथील सोपारा गावात चक्रेश्वर तलावाजवळ असलेले शिवमंदिर आहे. नित्य पूजास्थान असलेल्या या मंदिराच्या आवारात ब्रह्मदेवाची शिलाहारकालीन मूर्ती व अन्य प्राचीन शिल्पावशेष आहेत.

तीर्थपरंपरा

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. समुद्राने परशुरामासाठी ही भूमी मोकळी करून दिल्याची कथा महाभारताच्या शांतिपर्वात येते. वनपर्वातील तीर्थयात्रेत पांडवही येथे येतात. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ३२,००० नारळाची झाडे चरकांच्या, म्हणजे फिरत्या तपस्व्यांच्या, परिषदांना दान दिल्याची नोंद नाशिकच्या पांडवलेणीतील शिलालेखात आहे. त्यात शूर्पारकातील रामतीर्थाचे नाव आढळते. शूर्पारक हे बौद्धांचेही केंद्र होते. येथील स्तूपाचे उत्खनन भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले.

ब्रह्मदेवाची मूर्ती

ही पाषाणमूर्ती उभी असून समोरून तिची तीन मुखे दिसतात. प्रतिमाशास्त्रानुसार चौथे मुख मागील बाजूस मानले जाते. ब्रह्मदेव सृष्टिकर्ता असला, तरी त्याची स्वतंत्र मंदिरे फार थोडी आहेत. राजस्थानातील पुष्कर आणि गोव्यातील ब्रह्मकरमळी ही त्यांपैकी प्रसिद्ध होत. म्हणूनच शिवमंदिराच्या सान्निध्यातील ही मूर्ती कोकणच्या धार्मिक इतिहासात महत्त्वाची ठरते.

पूजा व उत्सव

महादेवाला जलाभिषेक करून बेल वाहिला जातो. महाशिवरात्रीस व श्रावणी सोमवारी भाविकांची विशेष गर्दी होते. शिवमंदिरातील प्रथेप्रमाणे अभिषेकाचे तीर्थ वाहून नेणारी सोमसूत्राची पन्हळ ओलांडत नाहीत. तिथूनच मागे फिरून प्रदक्षिणा पूर्ण करतात. जवळच्या निर्मळ येथे कार्तिक वद्य एकादशीपासून मोठी यात्रा भरते.

जतन

वसई परिसर १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगिजांच्या ताब्यात होता व त्या राजवटीत येथील अनेक देवालये नष्ट झाली. भग्न मूर्ती पूजेत ठेवू नये, ती जलात विसर्जित करावी, असा धार्मिक संकेत आहे. त्यामुळे अशा मूर्ती दृष्टीआड होण्याचा संभव असतो. पूजेतील मूर्तींवर शेंदूर व तेलाचे थर चढून मूळ कोरीवकाम झाकले जाते. झपाट्याने वाढलेल्या नालासोपारा शहरात शूर्पारकाच्या खुणा मोजक्याच उरल्या आहेत. त्यामुळे श्रद्धा आणि जतन यांची सांगड घालणे येथे विशेष आवश्यक आहे.